समोरची गॅलरी

१२ जानेवारी

धाकटीस,

आशीर्वाद आहेतच. ते दर वेळी लिहून दाखवायला हवेत असं नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलत सुटतेस आणि मी नुसती "हं, हं" करते. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. दोन वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा कामाचंच लिहिते.

आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला ही जागा हवी आहे. उन्हाळ्याच्या आत रिकामी करून द्या म्हणाले, आणि तेही हात जोडून, त्यामुळे धड भांडताही आलं नाही. हे म्हणाले, "भाड्याचं आता पुरे. आपलं घेऊ." इतकी वर्षं घरखर्चातून मी जे बाजूला टाकत आले त्याला हे "तुझी कंजुषी" म्हणायचे. गेल्या आठवड्यापासून त्याचं नाव "आपली शिल्लक" झालं आहे. चालायचंच. देवाच्या दयेने उरलेल्याला कर्ज मिळेल.

शहरात आपल्याला परवडेल असं काही नाही. बाहेरची दोनच ठिकाणं हाताला लागतात. एक पुलापलीकडे, म्हणजे तुझ्या तिकडे. दुसरं टेकडीखाली. दोन्हीकडून ह्यांच्या चष्म्याच्या दुकानाला एकच बस लागते. एजंट सांगतो, दोन्हीकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकीकडे जिन्याचा कठडा लाकडी, दुसरीकडे लोखंडी. फरक म्हणशील तर एवढाच.

तू तिथली, म्हणून विचारते. तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढतं का? भिंतींना ओल धरते का? सकाळच्या बसला ह्यांना टेकायला मिळेल का, की उभ्यानेच जावं लागेल? काच घासायच्या यंत्रापुढे दिवसभर उभेच असतात, निदान जाता-येता तरी बसायला मिळावं. एवढं लिही. बाकीचं नको. तुमची गॅलरी केवढी आहे ते मला पाठ झालं आहे. आईने वकीलीणबाईला फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. (वकीलीणबाई म्हणजे आमची लेक. तू शेवटची पाहिलीस तेव्हा मुखदुर्बळ होती. आता बोलायला लागली की समोरच्याने हार मानल्याशिवाय थांबत नाही.)

आईचे गुडघे कसे आहेत? मला ती फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणते. तुला खरं सांगत असेल.

तुझा मोडलेला हात आता पूर्ण वळतो का? हे नाही कळवलंस तरी चालेल.

— ताई


२ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. पाण्याबद्दल एक ओळ, ओलीबद्दल अर्धी, बसबद्दल काहीच नाही. बाकी सगळं पत्र "ताई, इकडेच ये" यावर. आणि शेवटी काय तर, "आमच्या समोरच्याच इमारतीत जागा आहे, मी आत्ताच बघून आले, झकास आहे, घेऊन टाक."

घेऊन टाक! साबण आहे का?

तुझी जागा तू अशीच घेतलीस ते मला ठाऊक आहे. नवरा जहाजावर, तू एकटी, उन्हातून आलीस, एजंटकडे पाणी मागितलंस आणि पेला खाली ठेवायच्या आत हो म्हणालीस. आणि ती जागा चांगली निघाली! वारा चांगला, शेजार चांगला, गॅलरीत ऊन. मी रोज पहाटे उठून देवाचं नाव घेते, पैशापैशाचा हिशोब ठेवते, भाजी घेतानासुद्धा तीन दुकानं फिरते, आणि पसंती तुझी बरोबर येते. देवावर रागवायचं नसतं, म्हणून मी तुझ्यावर रागावते. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

टेकडीखालची जागा आम्ही काल पाहिली. माझी पाहायची रीत तुला माहीत नसेल. मी एक रुमाल ओला करून, पिळून बरोबर नेते आणि गेल्या गेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला वाळत घालते. एजंट बोलत असतो तोवर तो किती वाळतो ते बघायचं. एजंट खोटं बोलेल, रुमाल बोलणार नाही. मग आतल्या खोलीत भिंतीशी बसून डोळे मिटायचे आणि जप करायचा. माझाच जप मला ऐकू आला पाहिजे. काल एजंटला वाटलं मला चक्कर आली. ह्यांना म्हणतो कसा, "बाईंना पाणी देऊ का?" हे म्हणाले, "देऊ नका. परीक्षा चालू आहे."

रुमाल बऱ्यापैकी वाळला. जप ऐकू आला. खिडकीतून पाण्याची टाकी आणि बस वळते तो चौक दिसतो. आणखी काही नाही.

पुढच्या रविवारी पुलापलीकडची बघू. तीच वेळ, तोच रुमाल. दोन्हींना सारखा न्याय मिळाला पाहिजे. तुझ्याकडे यायचं असं काही ठरलेलं नाही.

— ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

आलोच तुझ्याकडे. हे चपला काढून मोकळेही झाले, मग मी दारात उभी राहून काय करणार होते?

घर छान ठेवलं आहेस, हे मी तिथे म्हटलं नाही म्हणून इथे लिहिते. नळाखालची बादली मात्र गळकी आहे. बदल.

आई बरी दिसली. जाडही झाली आहे थोडी. आणि हसत होती. आमच्याकडे होती तेव्हा ती इतकी हसल्याचं मला आठवत नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्याकडे काय कमी होतं गं तुला?" तर म्हणते, "काही कमी नव्हतं, तेच तर! वेळेवर गोळी, वेळेवर दूध, वेळेवर झोप. दवाखान्यात असल्यासारखं वाटायचं. इथे मला कोणी विचारत नाही. कधी कधी तर मीच हिला जेवलीस का म्हणून विचारते." आणि पुन्हा हसली. मी पण हसले. माझ्या हसण्याकडे फारसं लक्ष देऊ नकोस.

मग तू तो केक आणलास आणि सुरी माझ्याच पुढे ठेवलीस. "काप ताई." जशी काही आपण अजून बाबांच्या दुकानाच्या माळ्यावरच राहतो! वकीलीणबाईने विचारलं, "आईनेच का?" आणि आपल्या आईने तिला घरचा नियम सांगितला. बाबा शिंपी, त्यांना वाकडी रेघ खपायची नाही. कापडाचा तुकडा असो, कलिंगड असो, साबणाची वडी असो, थोरलीने कापायचं आणि धाकटीने आधी उचलायचं. म्हणजे थोरली बरोबर कापते आणि भांडण होत नाही. आई म्हणाली, "हिच्यासारखं कापणारं माणूस मिळायचं नाही. ताजव्यात घातलं तरी काटा हलणार नाही."

वकीलीणबाई म्हणाली, "मग मावशी उचलताना कसं ठरवायची? दोन्ही सारखेच तर असायचे."

आणि तू तोंडात घास असताना म्हणालीस, "सोप्पं होतं! मी तुकड्यांकडे बघायचेच नाही. ताईच्या डोळ्यांकडे बघायचे. तिची नजर ज्याच्यावर असेल तो उचलायचा."

सगळे हसले. हे तर खोकेपर्यंत हसले. मी मात्र केकची बशी खाली ठेवली. म्हणजे लहानपणी मला जो तुकडा हवासा वाटला, तो दर वेळी गेला तो असा! मी आपली समजत होते, माझं नशीबच तसं. पुढे पुढे मी हव्या त्या तुकड्याकडे बघणंच सोडून दिलं होतं, हे तुला कळलं नसेल. छताकडे बघायचे. अजूनही दुकानात मला साडी-चोळी, भांडं, काही आवडलं की मी दुसरीकडेच बघते, आणि हे तिसरंच काहीतरी बांधून घेतात.

तू हात धुताना मला विचारलंस, "ताई, खरं सांग, तुला कुठलं घर हवंय?" मी म्हटलं, "दोन्ही ठीक आहेत." आणि तुझ्या पंख्याकडे बघत राहिले. पंखा पुसायला झाला आहे.

समोरची जागाही पाहिली, तुझ्याकडे येण्याआधी. रुमाल तितकाच वाळला. जप ऐकू आला. खिडकी ठीक आहे.

घरी येऊन मी दोन्ही जागांचा ताळा मांडला. बस, पाणी, दुकानं, दवाखाना, वकीलीणबाईचं कॉलेज, हप्ता. एकीकडे जरा कमी, तर दुसरीकडे तितकंच जरा जास्त. शेवटी बेरीज सारखी. हे म्हणाले, "तू मुद्दाम सारखी केलीस." मी म्हटलं, हिशोबात मी लबाडी करत नाही. ते म्हणाले, "लबाडी नाही गं, सवय." आणि चष्मा काढून पुसत बसले. दोन्ही जागांचे मालक महिनाअखेरीस उत्तर मागतात. मला कापता येतं. निवडायचं कसं ते कोणी शिकवलंच नाही.

— ताई


२० फेब्रुवारी

हे काय केलंस?

आज एजंटचा फोन आला, "अभिनंदन, तुमच्या बहिणीने समोरच्या जागेचं टोकन भरलं." मी हो म्हटलं होतं का? कुठे, कधी, कोणाला?

वकीलीणबाईने लगेच तुला फोन लावला आणि तू तिला सांगितलंस म्हणे, "अगं, एजंटच मला म्हणाला, तुमच्या ताई त्या खिडकीपासून हलायलाच तयार नव्हत्या. तिथेच मला कळलं. ती तोंडाने बोलणार नाही, तिची नजर बोलते. दुसऱ्या कोणी ती जागा उचलली असती तर ती जन्मभर छताकडे बघत बसली असती."

वा! लहानपणी माझी नजर बघून माझ्याकडचं न्यायचीस, आता माझी नजर बघून माझ्या गळ्यात मारतेस. आई तुझ्याकडे, पसंती तुझी, आता माझं घरही तूच ठरवणार. कौतुक आहे.

लगेच जा आणि त्या माणसाला थांबव. आणि मला फोन करू नकोस. मी घेणार नाही.


२३ फेब्रुवारी

धाकटे,

मागचं पत्र मी प्रार्थनेच्या आधी लिहिलं होतं. हे नंतर लिहिते आहे. फारसा फरक पडलेला नाही, पण खरं लिहिते.

मी खिडकीपासून हलत नव्हते हे बरोबर आहे. एजंटने खोटं सांगितलं नाही. पण मी त्या जागेकडे बघत नव्हते गं. जागेकडे माझी पाठ होती.

त्या खिडकीतून तुमची गॅलरी दिसते. आम्ही येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. तू न्हाऊन आली होतीस आणि खाली पाटावर बसली होतीस. आई खुर्चीवर बसून तुझे केस विंचरत होती. तू काहीतरी सांगत होतीस, हात हलवून, आणि ती मधेच फणी थांबवून हसत होती. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मागे एजंट ह्यांना मीटर कुठे आहे ते दाखवत होता. रुमाल वाळत होता. आणि मी खिडकीचा गज धरून ठेवला.

आता तू सांग, त्या घरात मी राहायला यायचं? सकाळी उठून दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि डोळे उघडले की समोर तुम्ही दोघी. मग दिवसभर बघायचं, आज किती वेळ बसल्या, काय बोलत असतील, कशाला हसल्या, मला हाक मारतात की नाही. हाक मारली तर वाटणार, कीव आली म्हणून मारली. नाही मारली तर वाटणारच आहे. असला हेवा पोटात घेऊन केलेली प्रार्थना देवही परत पाठवेल. तू म्हणशील, ताई, पडदा लाव. मी पडद्याच्या फटीतून बघीन. मी मला ओळखते.

परत येताना बसमध्ये ह्यांनी विचारलं, "धाकटीचा हेवा वाटला ना? आई तिला मिळाली म्हणून?" मी हो म्हटलं. मलाही तेव्हा तेच वाटत होतं. दोन वर्षं तेच वाटत होतं. तुझा हात मोडला म्हणून आई पंधरा दिवसांसाठी गेली आणि राहिलीच, आणि मी रागाच्या भरात म्हटलं, ठेव तुझ्याकडेच. तुझा राग, तुझा हेवा, सगळं मी तुझ्या खात्यावर लिहून मोकळी झाले होते.

पण काल भांडी घासताना मला ते दृश्य पुन्हा दिसलं आणि मी नीट बघितलं, तर मी आईला नव्हते बघत. तुझ्या डोक्याकडे बघत होते. आई दिवसभर काजं करायची, बटणं लावायची, तिचे हात कधी रिकामे नसायचे. तुझे केस मी विंचरायचे. शाळेत जाण्याआधी, शाळेतून आल्यावर, अगदी तुझं लग्न ठरेपर्यंत. तू तेव्हाही असंच हात हलवून सांगत असायचीस आणि माझा भांग वाकडा व्हायचा. ती जागा माझी होती. तिथे आई बसली होती.

आई माझ्याकडे होती तोवर तू दर रविवारी यायचीस. दारातूनच "ताई, काय केलंयस?" म्हणत यायचीस. आई तुझ्याकडे गेली आणि रविवार संपले. तू आलीच नाहीस. मी "ठेव" म्हटलं ते आईबद्दल, तुला ये म्हणायचं थांबवलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की तू आईसाठी येत होतीस. मी आपली उगाच शनिवारपासून घर आवरत होते.

हे लिहिताना मला लाज वाटते. या वयात, आईचा हेवा! ज्या बाईने जन्म दिला, जिचे गुडघे दुखतात, तिचा. देवापुढे सांगितलं तेव्हा तो गप्पच होता, पण दिवा विझला नाही. त्यावरून लिहायचं धाडस केलं.

आज सकाळी हे डबा घेऊन निघाले तेव्हा मी म्हटलं, "टेकडीखालचं घ्या." हे म्हणाले, "ताळा बदलला का?" मी म्हटलं, "नाही. सारखाच आहे. मला ते हवंय." हे दारातच उभे राहिले. त्यांची बस चुकली. वकीलीणबाई म्हणाली, "बाबा, कोर्टाने कारण न देता निकाल दिलाय. अपील चालणार नाही."

कारण मी तुला दिलं आहे. तू ते आईला दाखवू नकोस. दाखवलंस तरी मी काय करणार आहे म्हणा.

— ताई


२१ एप्रिल

धाकटे,

टोकन परत मिळालं ते बरं झालं. त्या एजंटकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं म्हणे, नाहीतर मला रात्रीची झोप नव्हती. समोर आता कोण राहायला आलं ते मला कळवू नकोस.

आम्ही रुळलो इथे. तिसऱ्या मजल्यावर पाणी दोन वेळा येतं. खालच्या मजल्यावर एक नर्स राहते, तिची ड्युटी संपून ती झोपायला येते तेव्हा मी कुकर लावते, म्हणून मी आता शिट्ट्या मोजूनच घेते. ह्यांना बसमध्ये बसायला मिळतं, कारण बस इथूनच सुटते. हे तिथे बसतात आणि खिडकीकडे बघून मला हात करतात, नव्या नवरीला करावा तसा. वकीलीणबाई म्हणते, "बाबा, शेजारी बघतायत." हे म्हणतात, "म्हणून तर करतोय."

त्या पत्राचं उत्तर तू इतके दिवस दिलं नाहीस. मी रोज टपाल बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. काल आलं. दोनच ओळी. "रविवारी येते. आईलाही आणते, तिला तुझं घर बघायचंय."

आईला माझं घर बघायचं आहे याचा मला आनंद आहे. खरंच आहे. तिच्यासाठी आतली खोली मी रिकामी ठेवली आहे, खिडकीजवळ खुर्चीही ठेवली आहे. तिने इथे दोन दिवस राहावं, पुढे हवं तर जास्त. गोळी वेळेवर देणार नाही, मुद्दाम उशिरा देईन, म्हणजे तिला घरी असल्यासारखं वाटेल. पण या रविवारी तिला आणू नकोस.

तू एकटी ये.

तिला तीन जिने चढवत नाहीत असं सांग, किंवा काही सांगू नकोस, शेजारणीला लक्ष ठेवायला सांग आणि नीघ. माझ्यासाठी काही आणू नकोस. जागा बघायला म्हणूनही येऊ नकोस, जागेत बघण्यासारखं काही नाही, टाकी आहे आणि चौक आहे. आई माझ्याकडे नसताना, हात मोडलेला नसताना, कुठलंही काम नसताना तू या दाराशी यावंस, एवढंच मला हवंय.

पुलावरून येणारी बस चौकात थांबते. तिथून उजवीकडचा दुसरा जिना. मी खिडकीत उभी राहून वाट बघणार नाही, असं लिहिणार होते.

बघीन.

— ताई